पाच मिली

माझी मांजर भुरी शूच्या ट्रेत उतरते तेव्हा आधी फक्त पुढचे दोन पाय आत ठेवते आणि थांबते. वाकून वास घेते. उजव्या पंजाने तीनचारदा उकरते, जागच्या जागी एक गिरकी घेते, पुन्हा उकरते आणि मग शेपटी जराशी वर धरून बसते. बसली की तिची नजर समोरच्या भिंतीवर कुठेतरी खिळते, कान किंचित बाजूला पडतात. तेवढ्या अर्ध्या मिनिटात हाक मारली तरी ती बघत नाही.

बारा वर्षं ती माझ्याकडे आहे, पण हे सगळं मला कळलं ते गेल्या दीड वर्षात. तोवर ती ट्रेकडे निघाली की मी दुसरीकडे बघायचे. त्या वेळी कुणी टक लावून पाहिलेलं मांजरांना आवडत नाही आणि तिचा तेवढा आडोसा आपण जपावा, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, "हिच्या लघवीचा नमुना घेऊन या, पाच मिली पुरे," तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आला तो तिचा आडोसाच.

झालं असं होतं की भुरी पाणी जास्त पिऊ लागली होती. हे लक्षात आलं आईच्या. "ही हल्ली सारखी भांड्यापाशीच बसलेली असते गं," ती एकदा म्हणाली. त्यानंतर मी ट्रे साफ करताना नीट बघू लागले. शूमुळे लिटरचे, म्हणजे ट्रेत घालायच्या शोषक वाळूचे, जे गोळे होतात ते भुरीचे पूर्वी लिंबाएवढे असायचे, आता मुठीएवढे होत होते. वजन करून घेतलं तर सहा महिन्यांत साडेचार किलोचं चार किलो झालेलं. बाकी ती तशीच होती. तशीच खिडकीत बसत होती, तशीच रात्री माझ्या पायाशी येऊन झोपत होती. मांजर दुखणं अंगावर काढतं आणि चेहऱ्यावर काही येऊ देत नाही. त्याला काय होतंय हे त्याच्या पाण्याच्या भांड्यातून, ट्रेमधून आणि वजनाच्या काट्यावरूनच वाचावं लागतं.

डॉक्टरांनी रक्त त्याच दिवशी घेतलं होतं. मी विचारलं, रक्तात सगळं कळेल ना? त्यांनी खुर्ची ओढून समजावून सांगितलं. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचा बराच मोठा भाग कामातून गेलेला असतो. लघवी पातळ होणं बहुतेक वेळा त्याच्या आधी सुरू होतं. शिवाय रक्तातला आकडा थोडा वाढलेला असला, तर तो अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे की किडनीमुळे, हे ठरवायला त्याच वेळची लघवी किती घट्ट आहे हे पाहावंच लागतं. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही.

घट्ट म्हणजे काय, तेही मी तेव्हाच शिकले. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज आफ्रिकी रानमांजरं, कोरड्या मुलखात राहणारी. शिकारीच्या अंगातून जेवढं पाणी मिळेल त्यावर पुष्कळसं भागवायचं आणि थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांच्या किडनीची घडण. शुद्ध पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.००० धरलं, तर निरोगी मांजराची लघवी साधारण १.०३५ च्या वर असते, पुष्कळदा १.०५० च्याही पुढे जाते. किडनीला पाणी ओढून घेणं जमेनासं झालं की आकडा खाली येत जातो. १.००८ ते १.०१२ च्या आसपास आला म्हणजे रक्तातून गाळून जे आलं ते जवळजवळ तसंच बाहेर पडतं आहे. हा एक आकडा कळायला दोन थेंब लागतात. बाकीच्या तपासण्यांसाठी पाच मिली असली की डॉक्टर खूश, आणि दोन-तीन मिलीतही पुष्कळ काम होतं.

तर ही पाच मिली.

ट्रेमध्ये नेहमीचं लिटर असेल तर ते सगळं शोषून घेतं, तिथून काही मिळत नाही. म्हणून न शोषणारं काहीतरी घालायचं. त्यासाठी प्लास्टिकचे बारीक मणी मिळतात, आणि पाणी न धरणारी एक खास वाळूही मिळते. मत्स्यपेटीतले धुतलेले, वाळवलेले खडेही चालतात. काही मांजरं रिकाम्या ट्रेतसुद्धा करतात. मी मण्यांपासून सुरुवात केली. ट्रे घासून धुतला, कोरडा केला, तळाला मूठभर मणी पसरले आणि तो नेहमीच्याच जागी ठेवला. भुरी आली, तिने पुढचे दोन पाय आत ठेवले, उकरलं. मणी घरंगळले, त्यांचा आवाज झाला. ती तशीच उलट्या पावली बाहेर आली आणि पलंगाखाली जाऊन बसली.

त्या दिवशी तिने जवळजवळ अठरा तास शू केली नाही. पहिले काही तास मी धीर धरला, मग माझाच जीव वरखाली होऊ लागला. मांजराने दिवसातून दोन-तीनदा तरी करायला हवी, आणि हिला तर जास्तच लागत होती. शेवटी रात्री मी मणी काढले आणि तिचं नेहमीचं लिटर परत भरलं. ती आली आणि बराच वेळ बसून राहिली. नमुना हवा म्हणून मांजराला कोंडून ठेवायचं नाही, पाणी काढून घ्यायचं नाही, आणि पोट दाबून शू काढायचा प्रयत्न तर घरी कधीही करायचा नाही. मूत्राशय भरलेला असताना चुकीचा दाब पडला तर तो फुटू शकतो. हे शेवटचं डॉक्टरांनी आपण होऊन सांगितलं होतं, बहुतेक त्यांनी तसं झालेलं पाहिलं असावं.

दुसरी अडचण काळ्याची. काळ्या म्हणजे आमचा बोका, भुरीहून तीन वर्षांनी लहान. दोन मांजरांच्या घरात ट्रेमध्ये सापडलेली शू कुणाची, हे कोण सांगणार? भुरीला वेगळ्या खोलीत ठेवावं लागणार होतं, आणि एकटी ठेवली की ती घाबरते. म्हणून मीच तिच्याबरोबर राहायचं ठरवलं. खोलीत तिचं अंथरूण, पाणी, खाणं आणि दूरच्या कोपऱ्यात ट्रे. ट्रेमध्ये आता ती खास वाळू. दिसायला आणि पायाखाली ती लिटरसारखीच लागते, हे तिचं मोठं सुख. मी जमिनीवर गादी टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पहाटे पावणेपाचला उकरण्याचा आवाज आला. मी हलले नाही. श्वाससुद्धा हळू घेत होते. पंज्यांचा आवाज, मग गिरकीचा, मग थोडा वेळ काही नाही, आणि मग वाळूवर बारीक धार पडल्याचा आवाज. इतक्या वर्षांत मी तो कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. ती बाहेर आली, अंग झटकलं, माझ्या पोटाशी येऊन बसली. मी दिवा लावला. वाळूच्या वर शूचे मोठेमोठे मोती उभे होते. अळवावरचं पाणी म्हणतात ते तसंच. एकही थेंब आत मुरला नव्हता, बोट लागलं असतं तर घरंगळला असता. फिकट, अगदी फिकट पिवळा रंग. मी ड्रॉपरने एकेक मोती उचलून बाटलीत सोडत गेले. चार मिली भरली असेल. इतक्या फिकट रंगाकडे बघूनच मला आतून काहीतरी कळलं होतं, पण रंगावरून निदान करायचं नसतं. बाटलीचं झाकण लावलं.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. शू मिळवण्याच्या युक्त्या बरेच जण सांगतात. मिळाल्यावर ती सांभाळायची कशी, हे फार थोडे सांगतात, आणि माझी चूक तिथेच झाली.

त्या दिवशी दवाखाना बंद होता. मी बाटली फ्रिजमध्ये ठेवली, फ्रिजमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे असं समजून. दुसऱ्या दिवशी दुपारी नेऊन दिली. मधे तीस तासांहून जास्त वेळ गेला होता. डॉक्टर त्या वेळी नव्हते. नमुना घेणाऱ्याने तो कधीचा आहे ते विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. संध्याकाळी अहवाल आला: स्ट्रुवाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक, भरपूर. मी घरी बसून वाचत सुटले. स्फटिक म्हणजे खडे, खडे म्हणजे शस्त्रक्रिया, असं मनात जुळत गेलं. खड्यांसाठीचं वेगळं खाणं सुरू करायचं मी ठरवूनही टाकलं होतं. रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "नमुना किती वाजता घेतला होता?"

मी सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "त्या स्फटिकांवर मी विश्वास ठेवणार नाही. ताजा आणा, मग बोलू."

बाटलीत बंद केली तरी लघवी थांबलेली नसते, हे मला तेव्हा समजलं. तिच्यात विरघळलेले क्षार थंडीने आणि वेळेने स्फटिक होऊन खाली बसतात. ते मांजराच्या पोटात नसतात, ते बाटलीत जन्मलेले असतात. खोलीच्या तापमानाला ठेवली तर वेगळंच घडतं. त्यात पडलेले जंतू भराभर वाढतात, त्यातले काही युरिया फोडून अमोनिया तयार करतात आणि लघवी अल्कधर्मी होत जाते. साखर असेल तर जंतू ती खाऊन टाकतात. रक्तपेशी फुगून फुटतात. किडनीच्या नळ्यांमधून आलेले, त्या नळ्यांच्याच आकाराचे प्रथिनांचे नाजूक साचे विरून जातात, आणि ते दिसले असते तर डॉक्टरांना किती सांगून गेले असते! उजेडात राहिली तर बिलिरुबिन हे पित्तातलं पिवळं द्रव्यसुद्धा मोडतं. म्हणजे मी जी बाटली नेऊन दिली, तिच्यात भुरीचं थोडं होतं आणि माझ्या फ्रिजचं पुष्कळ.

मला वाईट वाटलं ते तिच्यासाठी. तिने आपल्याकडून सांगायचं होतं ते सांगितलं होतं. तोंडाने ती सांगू शकत नाही. पहाटे पावणेपाचला, अनोळखी वाळूत, माझ्यावर विश्वास ठेवून तिने ते दिलं आणि पोहोचेपर्यंत मी त्याचे शब्द बदलू दिले. त्यावरून तिचं खाणं बदललं गेलं असतं, कदाचित नको ते औषध सुरू झालं असतं.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते. बाटली दवाखान्यातूनच आणते, निर्जंतुक, घट्ट झाकणाची. घरातली बाटली कितीही धुतली तरी कुठेतरी गोडाचा अंश राहतो, आणि स्ट्रिपवर, म्हणजे लघवीत बुडवायच्या तपासणीच्या रंगपट्टीवर, साखर दिसली की मांजराला मधुमेह आहे की काय, अशी शंका येते. जंतुनाशकाचंही तसंच. क्लोरीनवालं द्रावण ट्रेला किंवा बाटलीला लागून राहिलं, तर स्ट्रिपवरचे साखरेचे आणि रक्ताचे चौकोन खोटेच रंगतात. म्हणून नमुन्याचा ट्रे साध्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवायचा, भरपूर खंगाळायचा आणि पूर्ण कोरडा करायचा. ओला राहिला तर लघवी पातळ होते, आणि आपल्याला मोजायचा आहे तो नेमका तिचा घट्टपणाच.

शू मिळाल्याबरोबर बाटलीवर वेळ लिहायची, तारीख आणि मांजराचं नावही. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दवाखान्यात पोहोचणार असेन तर थंड करायची गरज नाही, तशीच न्यायची. ते जमणार नसेल तर लगेच फ्रिजमध्ये. फ्रीजरमध्ये कधीच नाही, गोठली की पेशी फुटतात. फ्रिजमध्ये ठेवली तरी त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर द्यायची. चोवीस तास उलटले की दुसरी घेतलेली बरी. आणि फ्रिजमधली आहे हे आवर्जून सांगायचं, कारण तपासण्याआधी ती खोलीच्या तापमानाला यावी लागते. थंड लघवीवर स्ट्रिपचे रंग नीट येत नाहीत आणि घट्टपणाचा आकडाही सरकतो.

फ्रिजचं म्हटलं तर आईला पहिल्यांदा ते पटलं नव्हतं. "फ्रिजमध्ये?" एवढंच ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, स्फटिकांचं, जंतूंचं, वेळेचं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने एक झाकणाचा डबा काढून आणला, त्यात पिशवी ठेवली, पिशवीत बाटली ठेवायला लावली आणि डब्यावर चिकटपट्टी लावून आपल्या गोल अक्षरात लिहिलं: "भुरीचं. हात लावू नये." तो डबा आता दुसऱ्या कशालाच वापरत नाहीत. खालच्या कप्प्यात मागे त्याची जागा ठरलेली आहे.

ताजा नमुना मिळायला आणखी दोन रात्री गेल्या. या वेळी मी वेगळं केलं. भुरी ट्रेत बसली की मागून हळूच, लांब दांड्याचा पसरट पळा सरकवायचा. तिला त्याची सवय व्हावी म्हणून मी आधीचे दोन दिवस तो ट्रेशेजारी नुसता पडू दिला होता. तिने वास घेतला, गाल घासला, त्याची भीती गेली. सकाळची पहिली शू सगळ्यांत घट्ट असते, म्हणून ती मिळाली तर उत्तम. सहा वाजता ती बसली, शेपटी वर झाली, मी पळा सरकवला आणि तिला कळलंसुद्धा नाही. किंवा कळलं आणि तिने चालू दिलं. सिरिंजने, अर्थात सुई न लावता, ती बाटलीत घेतली आणि वीस मिनिटांत दवाखान्यात होते.

डॉक्टरांनी माझ्यासमोरच तपासली. सूक्ष्मदर्शकाखाली एकही स्फटिक नव्हता. मग त्यांनी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब सोडले, झाकण टेकवलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि ते माझ्या हातात दिलं. "बघा." छोट्या दुर्बिणीसारखं ते असतं. आत एक वर्तुळ दिसतं, वरचा भाग निळा, खालचा पांढरा, आणि दोन्हींच्या मधे एक सरळ रेघ. लघवी जेवढी घट्ट तेवढा उजेड वाकतो आणि रेघ वर चढते. भुरीची रेघ खाली होती. शेजारच्या मोजपट्टीवर १.०१४. रक्ताचे आकडे आधीच आलेले होते, मग फार बोलायची गरज राहिली नाही. किडनीचा जुनाट आजार, चार पायऱ्यांमधली दुसरी.

ती निळी-पांढरी रेघ मला अजून डोळे मिटले तरी दिसते.

घरच्या नमुन्याने सगळंच भागतं असं नाही. जंतुसंसर्ग आहे का हे नक्की करायचं असेल आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करायचं असेल, तर ट्रेमधली शू उपयोगाची नाही. कातडीवरचे, केसांतले, ट्रेतले जंतू त्यात येतातच. भुरीचंही एकदा तसं करावं लागलं. सोनोग्राफीत बघत डॉक्टरांनी पोटातून बारीक सुई थेट मूत्राशयात घातली आणि लघवी ओढून घेतली. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती माझ्या कोपरात तोंड खुपसून पडून राहिली, आणि मी तीनपर्यंत आकडे मोजायच्या आत सुई बाहेरही आली. नंतर मी विचारलं की हे इतकं सोपं असेल तर मी रात्री का जागवते? डॉक्टर म्हणाले, दोन्हींची कामं वेगळी आहेत. घट्टपणा, साखर आणि प्रथिनं यांवर वरचेवर नजर ठेवायची तर घरचा नमुना चांगला, कारण तो मांजर शांत असताना मिळतो. दवाखान्यात भेदरलेल्या मांजराच्या रक्तातली साखर चढते, कधीकधी एवढी चढते की लघवीतही उतरते. मधुमेह या शब्दातच गोड लघवी आहे, पण ती गोडी भीतीचीही असू शकते. घरी, तिच्या जागेत, तिच्या वेळेला मिळालेल्या शूमध्ये साखर नसली तर पुष्कळ प्रश्न तिथेच मिटतात.

माणसांसाठीच्या स्ट्रिप आणून घरीच बघावं, असा मोह मलाही झाला होता. त्या मांजरांसाठी पूर्ण भरवशाच्या नाहीत. पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजरांत उगाच रंगतो, आणि घट्टपणाचा चौकोनही खरा मानत नाहीत, त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटरच लागतो. मी तो नाद सोडला.

आता काळ्याचं. हे सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येणार नाही. काळ्या चार वर्षांचा असताना एका संध्याकाळी सारखा ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. बसायचा, कुंथायचा, बाहेर यायचा, स्वतःला चाटायचा, पुन्हा जायचा. माझा भाऊ म्हणाला, "ताई, याला बद्धकोष्ठ झालंय." मलाही तसंच वाटलं. ट्रेत पाहिलं तर एक-दोन थेंब, त्यांना लाल झाक. मग तो ओरडला. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. आम्ही त्याच घटकेला निघालो. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, तो बारीक कण आणि चिकट द्रव्य अडकून बंद होतो. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याला भूल देऊन नळी घातली, तीन दिवस दवाखान्यात ठेवलं, तो वाचला. अशा वेळी नमुना मिळेल म्हणून वाट बघत बसायचं नसतं. बोका कुंथतो आहे आणि शू येत नाही, एवढं दिसलं की रात्र असो की पहाट, उचलायचं आणि निघायचं. नमुना मग डॉक्टर घेतील.

त्याला नंतर काही संसर्ग निघाला नाही. तरुण मांजरांत ट्रेबाहेर शू, थेंब थेंब शू, रक्ताची झाक, यांमागे जंतू असतातच असं नाही, किंबहुना फार कमी वेळा असतात. बहुतेकदा मूत्राशयाचा दाह असतो, त्याचं ठरावीक कारण सापडत नाही, आणि मनावरचा ताण त्यात मोठा वाटा उचलतो. त्या आठवड्यात आमच्या घरात भिंतींचं काम चाललं होतं. ठोकाठोक, अनोळखी माणसं, काळ्याची खिडकी प्लास्टिकने झाकलेली. हे सगळं डॉक्टरांनी विचारून काढलं, तोवर मी त्याचा आणि शूचा संबंध जोडला नव्हता.

भुरीचा नमुना आता दर तीन महिन्यांनी जातो. खाणं बदललं आहे, पाण्याची भांडी एकाची चार झाली आहेत. गेल्या वेळी १.०१६ आला. लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनीनशी प्रमाण ०.३. ते ०.२ च्या खाली असावं, ०.४ च्या वर गेलं तर औषध द्यायचा विचार करावा लागतो, मधे आहे म्हणजे लक्ष ठेवायचं. वजन चार किलोवर टिकून आहे. हे आकडे मी एका वहीत लिहिते. आई ते वाचते आणि शेवटचा आकडा आधीच्यापेक्षा वाईट नाही ना, एवढंच विचारते.

मी अजूनही भिंतीकडे तोंड करूनच बसते. फक्त आता ऐकते. उकरण्याचा आवाज झाला की किती वेळा उकरलं ते कळतं, धार किती वेळ चालली ते कळतं, आणि ती किती वेळाने उठली तेही. पळा सरकवायचा तेवढ्यापुरतं वळते, पुन्हा तोंड फिरवते.

आज सकाळी पुन्हा वेळ होती. सहा वाजून बारा मिनिटांनी सहा मिली मिळाली. झाकण लावून मी बाटली मुठीत धरली तेव्हा ती कोमट होती, भुरीच्या अंगाएवढी. मांजराचं अंग आपल्यापेक्षा दीड-दोन अंशांनी गरम असतं, ते हाताला जाणवतं. बाटलीवर नाव आणि वेळ लिहिली. तोवर भुरीने ट्रेतली उरलेली वाळू उकरून, जिथे काहीच राहिलं नव्हतं ती जागा नीट झाकून टाकली, पंजे झटकले आणि पाण्याच्या भांड्याकडे गेली.

डबा आज लागणार नाही. दवाखाना सात वाजता उघडतो.